भरवसा आईच्या नाकावर

मी गॅसची नळी बोलतेय. ओट्याखाली वाकून शोधू नका, तिथं आता दुसरी नांदते आहे. मी इकडे आहे, खिडकीशेजारच्या खिळ्यावर. वीतभर उरले आहे, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

कारखान्यात जन्मले तेव्हा मी लांबच लांब होते. मग कापून आम्हा बहिणींना वेगळं केलं. आत काळं रबर, मध्ये पोलादी तारेची वीण आणि वर नारिंगी कातडी. कातडीवर तारीख छापलेली. माणसाच्या लेकराला जन्मतारीख मिळते, पुढचं पुढे. मला मात्र निवृत्तीची तारीख पाळण्यातच मिळाली. ती माझ्या पोटावर अशी ठसठशीत छापली आहे की वाचायला चष्मा लागू नये. पण वाचायला वाकावं लागतं, आणि माणसं वाकायला फारशी तयार नसतात.

तिथून मी हार्डवेअरच्या दुकानात आले आणि कुलपं, बिजागऱ्या, दोरखंड यांच्या गर्दीत लटकत राहिले. येणारा जाणारा मला दाबून बघायचा. एकानं तर मला गळ्यात घालून आरशात पाहिलं होतं. त्या दुकानात एक दिवस आमचे चिरंजीव आले.

चिरंजीव म्हणजे या घरातला मुलगा. वय चाळिशीच्या पुढे, डोक्यावर चंद्र उगवलेला, तरी आईच्या लेखी चिरंजीवच. स्वभाव हौशी. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की त्यांना मनापासून आनंद होतो. दुकानदारानं त्यांना सांगितलं की नळी अखंड लावा, जोड देऊ नका, दोन्ही टोकांना क्लिप आवळा, शेगडीच्या आचेपासून लांब ठेवा आणि पोटावरची तारीख उलटली की बदला. चिरंजीव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि त्यांची नजर मागच्या ड्रिल मशीनवर खिळली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वतःच्या हातानं बसवलं. एका टोकाला क्लिप लावली. दुसरी क्लिप त्यांनी खिशात टाकली, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. ती पुढे पडद्याच्या कामी आली.

या घरात चिरंजीवांच्या कारागिरीच्या खुणा जिकडेतिकडे आहेत. दारावरची घंटा वाजवली की बाहेरच्या खोलीतला दिवा जातो. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ गार पाणी देतो आणि गार पाण्याचा नळ काहीच देत नाही. जेवणाच्या टेबलाचा एक पाय त्यांनी नवा बसवला, तेव्हापासून वाटी ठेवली की ती हळूहळू त्यांच्याकडेच सरकते. सूनबाई, म्हणजे त्यांची बायको, औषधांच्या दुकानात काम करतात. एका गोळीची चूक झाली तर काय होतं हे त्या रोज बघतात, त्यामुळे घरी आल्यावर नवऱ्याच्या हातात पक्कड दिसली की त्या आधी मलमपट्टीचा डबा जवळ घेतात.

आणि मग आई. सासूबाई, घरधनीण, स्वयंपाकघराची मालकीण. आईंचं नाक म्हणजे साऱ्या इमारतीचा अभिमान होता. खालच्या मजल्यावर कुणाचं दूध लागलं तर आई वरून हाक मारून सांगायच्या. कपाटात लपलेला कुजका बटाटा त्या दारातूनच ओळखायच्या. चिरंजीव शाळेत असताना चोरून बिडी ओढून, तोंडात मूठभर बडीशेप कोंबून घरी आले होते, तर आईंनी बिडीही सांगितली, बडीशेपही सांगितली आणि ती कुणाच्या घरातली तेही सांगितलं, असं अजून सांगतात. त्या नाकावर त्यांनी कधी माशी बसू दिली नाही.

त्यामुळे या घराची एक रीत होती. सिलिंडर बदलला, शेगडी हलवली, काहीही झालं की आईंना हाक जायची. आई पदर खोचून यायच्या, माझ्याशेजारी वाकायच्या, रेग्युलेटरपाशी एकदा, माझ्या पोटापाशी एकदा, शेगडीपाशी एकदा असं हुंगायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही. पेटव." मग शेगडी पेटायची. साबणाचं पाणी लावून बघावं, असं त्या घरात कधी कुणाच्या मनातही आलं नाही. इतकं हुकमी नाक घरात असताना बुडबुडे कोण बघत बसणार?

आता एक गोष्ट सांगते, ती बरेच दिवस मला एकटीलाच ठाऊक होती. त्या हिवाळ्यात आईंना ताप आला. सर्दी झाली, छाती भरली, मग सगळं उतरलं. नाक मात्र परत आलं नाही.

मला कसं कळलं म्हणाल, तर त्या माझ्याशेजारीच उभ्या असतात ना दिवसभर. आधी त्यांनी दूध नाकाशी नेलं आणि नुसत्या बघतच राहिल्या. मग कांद्याची फोड घेतली, मग साबणाची वडी, मग सूनबाईंची अत्तराची बाटली. प्रत्येक वेळी डोळे मिटून मोठा श्वास घ्यायच्या आणि डोळे उघडले की चेहरा उतरलेला असायचा. एकदा कांदा करपून कोळसा झाला. त्या तिथंच उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या. चिरंजीव धावत आले तेव्हा आई शांतपणे म्हणाल्या की आज मुद्दाम खरपूस केला आहे. चिरंजीवांनी तो खाल्ला आणि वर छान झाल्याचं सांगितलं. आईवर एवढा विश्वास.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. आईंनी करपलेली कढई घासली, घासता घासता थांबल्या आणि कढईलाच म्हणाल्या, "नाक गेलं हे कळलं, की म्हणतील, आई, आता तुम्ही बाहेर बसा." एवढंच. मग पुन्हा घासायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. बाहेरच्या खोलीत बसून त्या करणार काय? टेबलावरून सरकणाऱ्या वाट्या बघणार?

तेव्हापासून आईंनी डोळ्यांत तेल घालून स्वयंपाक चालवला. दुधाचा रंग बघायचा, फोडणीचा आवाज ऐकायचा, भाजी बोटानं दाबायची. कुणाला संशय आला नाही. सिलिंडर बदलला की मात्र हाक यायचीच. आई यायच्या, वाकायच्या, सगळं साग्रसंगीत हुंगायच्या आणि "काही नाही" म्हणायच्या. फक्त आता त्यांचा हात माझ्यावर जरा जास्त वेळ राहायचा आणि तो गार पडलेला असायचा. सुदैवानं तोवर खरंच काही नव्हतं.

दरम्यान माझ्या पोटावरची तारीख उलटून गेली होती. सूनबाईंना एकदा झाडताना ती दिसली. त्यांनी नवऱ्याला सांगितलं. चिरंजीव म्हणाले की कंपन्यांना नळ्या खपवायच्या असतात म्हणून त्या तारखा घालतात, नळी बघ कशी दणकट आहे. असं म्हणून त्यांनी मला वाकवून दाखवलं. माझी पाठ कडाडली, पण स्तुती ऐकून मी गप्प बसले. कौतुक कुणाला आवडत नाही?

मग सूनबाईंनी एकदा सहज म्हटलं की शेगडी खिडकीजवळ असती तर आईंना उजेड मिळाला असता. खरं तर आईंनाच उजेड हवा होता, कारण आता सगळा कारभार डोळ्यांवर आला होता. पण ते त्या बोलणार कशा? त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं होईल."

झालं. सुट्टीच्या सकाळी चिरंजीवांनी बाह्या सरसावल्या. सूनबाईंनी बजावलं की शेगडी हलवायची तर फिटरला बोलवा. चिरंजीव म्हणाले, फिटर येऊन असं काय वेगळं करणार, त्यालाही दोनच हात असतात. सूनबाई कपाळाला हात लावून आतल्या खोलीत कपडे वाळत घालायला गेल्या.

आधी त्यांनी खिडकीजवळची फळी रंगवली. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. घरभर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा असा भपका सुटला की धडधाकट नाकही बधिर व्हावं. मग शेगडी उचलून खिडकीशी नेली आणि मी पोचेना. मला ताणून बघितलं, आडवं केलं, तिरकं केलं. मी काही लवचिकपणाचे प्रयोग करणारी मुलगी नाही, वय झालेली नळी आहे. चिरंजीव हनुवटी खाजवत गॅलरीत गेले आणि येताना जाऊबाईंना घेऊन आले.

जाऊबाई म्हणजे कुंड्यांना पाणी घालायची हिरवी नळी. अंगानं गुबगुबीत, उन्हानं तडकलेली, आतून शेवाळलेली. आयुष्यभर पाण्याशिवाय काही ठाऊक नाही. तिचा एक तुकडा कापून, मोडक्या टेबललॅम्पची पितळी नळी मध्ये घालून त्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला. जोडावर तार गुंडाळली, तारेवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर, शोभा म्हणून, आणखी थोडी चिकटपट्टी. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ते काम असं निरखलं, जणू पूल बांधला.

रेग्युलेटर उघडला. गॅस माझ्यातून निघाला, जोडापाशी आला आणि निम्मा तिथूनच बाहेर पडायला लागला. जाऊबाई घाबरून मला विचारायला लागली की हे पाणी असं कसं, ओलं कसं नाही. मी तिला म्हटलं, बाई, तोंड मीट. पण तिचं तोंड मिटणार कसं, ते पितळी नळीवर ताणून तारेनं बांधलं होतं.

गॅसला स्वतःचा वास नसतो, हे तुम्हाला माहीत असेल. गळती कळावी म्हणून तो घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. एवढी सोय करून ठेवली, पण त्या दिवशी घरात तो ओळखणारं कुणी नव्हतं. चिरंजीवांच्या नाकात टर्पेंटाइन भरलेलं. गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली, फरशीवर पसरत चालला होता. मी फुसफुसत होते, जीव तोडून फुसफुसत होते. पण नळीचा आवाज तो केवढा, आणि चिरंजीव कामाच्या आनंदात शीळ घालत होते.

मग रीतीप्रमाणे हाक गेली.

आई आल्या. वाकल्या. रेग्युलेटरपाशी हुंगलं, माझ्यापाशी हुंगलं, चिकटपट्टीच्या गाठोड्यापाशी हुंगलं. त्यांचं नाक माझ्या जोडाला जवळजवळ टेकलं होतं. मी त्यांच्या तोंडावर फुंकर घालत होते म्हणा ना. आईंनी हिरवा तुकडा पाहिला, क्षणभर थबकल्या, मुलाच्या घामेजल्या, खूश चेहऱ्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाल्या, "काही नाही."

चिरंजीवांनी बायकोला बोलावलं. सूनबाई खांद्यावर ओले कपडे घेऊन दारात आल्या आणि हिरवी नळी बघून थबकल्या. मग त्यांनी विचारलं, आईंनी बघितलं का? चिरंजीव म्हणाले, आत्ताच बघितलं. आणि तेवढ्यावर त्या समजूतदार बाईचंही समाधान झालं. चहाचं आधण भरून त्या पुढे आल्या. आईच्या नाकाच्या भरवशावर दोघं नवराबायको शेगडीवर वाकून उभी राहिली, एकीच्या हातात चहाचं आधण, एकाच्या हातात लायटर.

आईंनी त्या दोन डोक्यांकडे बघितलं. मला खालून त्यांचा चेहरा दिसत होता. मी इतकी वर्षं त्यांना रोज पाहते आहे, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या क्षणी त्यांनी मुलाचं मनगट धरलं.

"थांब. मला वास येत नाही."

"तेच तर. म्हणजे गळत नाहीये," चिरंजीव म्हणाले.

"गळतंय की नाही ते मला कळत नाही. मला कशाचाच वास येत नाही रे. त्या तापापासून."

चिरंजीवांनी लायटर खाली घेतला. फक्त माझं फुसफुसणं चालू होतं आणि आता ते तिघांनाही ऐकू आलं.

सूनबाईंनी आधण खाली ठेवलं, झटकन वाकून रेग्युलेटर बंद केला आणि खिडक्या सताड उघडल्या. चिरंजीव गडबडीनं एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे धावले. तेव्हा आईंनी त्यांच्या हातावर अशी चापट मारली की ती बिडीच्या दिवसानंतरची पहिलीच असावी. त्यांनी बजावलं, बटणाला हात लावायचा नाही, ठिणगी उडते, दिवा नाही, पंखा नाही, काही नाही, आधी सगळे बाहेर. आणि रंगाचे हात, ओले कपडे तसेच घेऊन तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथून सूनबाईंनी फिटरला फोन लावला.

जिना खिडकीखालीच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. फोन झाला. मग आई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही मला स्वयंपाकघरातून उठवलं असतं."

चिरंजीव रडत होते, हे मला त्यांच्या नाक ओढण्यावरून कळलं. सूनबाई म्हणाल्या, "उठवायचंच झालं तर ज्यानं कुंड्यांची नळी गॅसला लावली त्याला उठवू या, आई." आणि मग आई हसल्या. आधी हळू, मग इतक्या मोठ्यानं की शेजारचं दार उघडलं.

फिटर आला तो बोलतच आला. पोट असं की ते आधी आत आलं आणि मागून फिटर. जाऊबाईंना बघून त्यानं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं की त्यानं पूर्वी याहून भारी पाहिलं आहे, एकानं सायकलची ट्यूब लावली होती आणि तोही स्वतःला इंजिनियर म्हणवायचा. हवा पुरती खेळली आहे याची खात्री करून त्यानं साबणाचं पाणी मागितलं. चिरंजीवांनी आपला दाढीचा ब्रश आणि वाटी आणून दिली. पण फिटरला काही वाकवेना. त्यानं आईंना म्हटलं, "मावशी, तुम्हाला सवय दिसते. तुम्ही लावा, मी कॉक थोडासाच उघडतो."

आई पुन्हा माझ्याशेजारी वाकल्या. ब्रशनं फेस लावला आणि बघत राहिल्या. जाऊबाईंच्या गळ्याशी बुडबुड्यांची जत्राच भरली. मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते? तेवढ्यात आईंनी ब्रश माझ्या पोटावर फिरवला, अगदी त्या तारखेपाशी, आणि तिथंही एक फुगा आला. लहानसा, गोल, चमकदार. चिरंजीवांनी वाकवून दाखवलं होतं ना, तिथंच तडा गेला होता. म्हणजे जाऊबाईंना नावं ठेवता ठेवता मीही गळत होते. यावर मी जास्त बोलणार नाही.

"इथंही आहे," आई म्हणाल्या. त्या आवाजात जुना रुबाब होता. कुजक्या बटाट्याचा पत्ता सांगताना असायचा तोच.

फिटरनं मला सोडवलं आणि पुन्हा कुणी मला वापरू नये म्हणून सपकन कापून टाकलं. त्यांच्यात तसंच करतात. दुखलं का विचाराल तर थोडं दुखलं. नवी नळी त्यानं अखंड लावली, दोन्ही टोकांना क्लिप लावून, सगळीच्या सगळी डोळ्यांना दिसेल अशी. शेगडी पुन्हा हलवायची असेल तर आधी त्याला हाक मारायची, असं त्यानं चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं आणि चहा पिता पिता सायकलच्या ट्यूबची गोष्ट परत सुरू केली.

चिरंजीव सगळं ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप नव्या क्लिपकडे गेला, जरा आवळून बघू म्हणून. आईंनी फरशीवरचा माझा तुकडा उचलला आणि त्या हातावर लगावला. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं खरं काम सापडल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मी या खिळ्यावर असते. खिळा चिरंजीवांनीच ठोकला, त्यामुळे मी दोनदा पडले. पक्कड घेऊन कुणी ओट्याकडे वळलं की आई नुसत्या माझ्याकडे बघतात, तेवढं पुरतं. सिलिंडर बदलला की अजूनही आईंनाच हाक जाते. त्या पदर खोचून येतात, वाटी आणि ब्रश घेऊन वाकतात आणि खिडकीच्या उजेडात बुडबुडा शोधतात. इमारतीतली इतर घरंही आता त्यांना बोलावतात. चिरंजीव दाढीसाठी नवा ब्रश घेऊन आले आहेत.

आणि आणखी एक. सूनबाईंनी कुठेतरी वाचलं की गेलेलं नाक रोजच्या सवयीनं कधीकधी परत येतं. म्हणून रोज सकाळी आई लिंबू हुंगतात, लवंग हुंगतात, साबणाची वडी हुंगतात आणि शेवटी, कोण जाणे का, मला खिळ्यावरून काढून नाकाशी धरतात. दारातून चिरंजीव विचारतात, "येतोय?" पूर्वी त्या काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे. आता खरं सांगतात. "नाही रे, आजही नाही." मग मला परत टांगतात. मी माझ्यातला जुना, कुबट, रबरी वास सगळा एकवटून उभी असते, पण जबरदस्ती थोडीच करता येते?

तर माझं म्हणणं एवढंच. तुमच्या ओट्याखाली माझी एखादी बहीण असेलच. आज जरा वाकून तिच्या पोटावर काय लिहिलं आहे ते बघा. ती कौतुकानं गप्प बसली असेल, तिच्या गप्प बसण्यावर जाऊ नका. आणि घरात कितीही हुकमी नाक असलं तरी एक वाटी साबणाचं पाणी जवळ ठेवा, नाकवाल्यावर एवढा भार टाकू नका.

मी आता थांबते, आईंची यायची वेळ झाली आहे. जाता जाता एक सांगून टाकते, अजून घरात कुणाला माहीत नाही, कारण काल विचारायला चिरंजीव दारात नव्हते आणि आईंनाही आज पुन्हा एकदा खात्री करायची असावी. काल त्यांनी लिंबू हुंगलं, काही नाही. लवंग हुंगली, काही नाही. मग मला नाकाशी धरलं, डोळे मिटले, श्वास घेतला आणि झटकन मला लांब करून नाक मुरडलं. मला आजवर कुणी इतका मान दिला नव्हता.